चौथ्या गाण्याला कुकर बंद

आमच्या घरमालकांनी पहिल्याच भेटीत मला एका सिनेमाची सहाच्या सहा गाणी ऐकवली आणि विचारलं, "यातलं वाईट कुठलं?"

मी खोली बघायला गेले होते. नगरला, सावेडीत. शहराचं नाव आता कागदोपत्री बदललंय, पण आमच्या तोंडी अजून नगरच येतं. तर सावेडीत तेव्हा मी दारोदार हिंडत होते. सोबत बालवाडीतली लेक, नवीन शाळेतली नवीन नोकरी, आणि नवरा नाही. म्हणजे होता, पण आमचं फाटलं होतं. कुठंही गेलं की खोली दाखवण्याआधी बायका विचारायच्या, "मिस्टर कुठं असतात?" मी खरं सांगायचे. मग त्यांना एकदम आठवायचं की दिराचा मुलगा शिकायला येणार आहे, खोली त्याला लागेल. त्या महिन्यात अख्ख्या सावेडीत शिकायला येणारे इतके पुतणे निघाले की त्यांचं एक कॉलेज उभं राहिलं असतं.

या गृहस्थांच्या फाटकावर 'वरच्या खोल्या भाड्याने' असं लिहिलेलं होतं. दार त्यांनीच उघडलं. पांढरा पायजमा, बाह्यांचा बनियन, चष्मा कपाळावर. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, बायको काही वर्षांमागं गेलेली, मुलगा पुण्याला. हे सगळं मला नंतर कळलं. त्यांनी मला व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसवलं, लेकीच्या हातात शेंगदाण्याचा लाडू दिला आणि टेपरेकॉर्डर सुरू केला. मला वाटलं, आत कुणाला तरी बोलवायचंय, तोवर करमणूक म्हणून लावलं असेल. पण ते समोर बसले आणि डोळे मिटून ऐकायला लागले. तिसरं गाणं संपल्यावर उठले, कॅसेट उलटी केली, आत जाऊन पाणी पिऊन आले आणि पुन्हा बसले. सहावं संपलं तेव्हा त्यांनी तो प्रश्न विचारला.

माझ्या आधी एक बँकेतले साहेब येऊन गेले होते म्हणे. ते म्हणाले, सगळीच छान आहेत. त्यांना खोली मिळाली नाही.

सिनेमाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही ते मोबाईलवर शोधणार, आणि शोधलं की दुसरं गाणं आधी लावणार. काकांना ते चाललं नसतं. मी त्यांना काकाच म्हणायचे. मी शाळेत शिकवते म्हणून ते मला बाई म्हणायचे. गाण्यांना मात्र त्यांच्याकडं नाव नव्हतं, नंबर होते. पहिलं, दुसरं, तिसरं. ती ज्या क्रमानं आहेत त्याच क्रमानं ऐकायची, मधलं एक उचलून लावायचं नाही. कादंबरी मधूनच उघडून वाचता का, असं विचारायचे.

प्रत्येक गाण्यावर त्यांचं मत ठरलेलं होतं आणि ते दर रविवारी नव्यानं सांगायचे. पहिलं गाणं म्हणजे नवी सून. सगळ्यांना बरं वाटावं म्हणून झटतंय. तिसऱ्यात गाणाऱ्या बुवांना त्या दिवशी सर्दी होती, नीट ऐका, 'म' कसा येतोय. पाचवं विनोदी, त्यात एका जागी तेच बुवा शिंकतात. तिथं काका दर वेळी हसायचे, अगदी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे. सर्दी तिसऱ्यात आणि शिंक पाचव्यात, हा हिशेब त्यांना फार आवडायचा.

दुसरं गाणं लग्नातलं. ते तुम्ही नक्की ऐकलं असणार, कारण नगर जिल्ह्यातली एकही वरात त्याच्याशिवाय निघत नाही. काकांचा राग गाण्यावर नव्हता, बँडवर होता. बँडवाले नुसतं धृपद वाजवतात, परत परत तेच, अंतऱ्याला कुणी हात लावत नाही. एकदा आमच्या गल्लीतून वरात चालली होती आणि काका बनियनवर बाहेर पडून घोड्याच्या पुढ्यात उभे राहिले. मला वाटलं, आवाज कमी करा म्हणतील. ते बँडवाल्याला म्हणाले, अंतरा घ्या. तो म्हणाला, अंतरा बसवलेला नाही. मग काकांनी भर रस्त्यात त्याला अंतरा गाऊन दाखवला, दोन्ही कडव्यांसकट. क्लॅरिनेटवाला हुशार होता, त्यानं दुसऱ्या फेरीत उचलला. घोड्यावरचा नवरदेव बाशिंग सावरत वाट बघत राहिला. वरातीतल्या एका म्हातारीनं काकांवरूनच बोटं मोडली. ती म्हणाली की लग्न झाल्यापासून हे गाणं ऐकतेय, पण पुढं असं हाय हे आजच कळलं.

आणि चौथं. चौथ्या गाण्याला घरात कुणी बोलायचं नाही, चहा ढवळायचा नाही, आणि वर माझ्या स्वयंपाकघरात कुकर लावलेला असेल तर गॅस बंद करायचा. हे खोली देतानाच सांगितलेलं होतं. पाणी सकाळी सातला येतं हे सांगावं तितक्या सहज. पहिल्यांदा मला राग आला. वरण अर्धवट शिजतं ना. पुढं सवय झाली. तिसरं संपलं की ते पाणी प्यायला उठायचे आणि मी गॅस बंद करायला.

चौथ्यात नदीकाठ आहे. बाई गातेय, आणि तिच्या मागं फार लांबून एक बासरी येते. पुढं येतच नाही, लांबच राहते. काका मूळचे पुणतांब्याचे, गोदावरीकाठचे. ते तरणे असताना या गाण्याचं चित्रीकरण त्यांच्या गावच्या घाटावर झालं होतं. नटी पायरीवर बसून नुसते ओठ हलवत होती आणि गाणं भोंग्यातून वाजत होतं. सगळा गाव नटी बघायला अलीकडं गर्दी करून उभा. काकांना पुढं जागा मिळाली नाही म्हणून ते पोहत पलीकडं गेले. तिथून नटी दिसत नव्हती. बाईचा आवाजही धड येत नव्हता. पाण्यावरून नुसती बासरी येत होती. ही गोष्ट सांगताना त्यांच्या बोलण्यात पुणतांबं उतरायचं. "आपून वल्ल्या कापडानिशी उभं. थंडी वाजत हुती. पर निघवंना, बाई." एरवी ते हेडक्लार्कासारखं बोलायचे.

त्या पहिल्या दिवशी मी त्यांना सांगितलं की वाईट कुठलं ते माहीत नाही, पण मला सहावं सगळ्यात आवडतं.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडं नीट बघितलं. सहावं म्हणजे अंगाई. काकांच्या मते सिनेमातलं सगळ्यात टाकाऊ गाणं, निर्मात्याच्या कुणा नातेवाईक बाईला गायची हौस होती म्हणून घुसडलेलं. मी म्हटलं, माझी आई हे म्हणायची. आम्ही पाथर्डीकडचे. आईनं सिनेमा पाहिलेला नव्हता, रेडिओवर गाणं ऐकलेलं, तेही काम करता करता. भाकरी थापताना ती ते म्हणायची, जिथं शब्द आठवत नसत तिथं 'न न ना' करायची आणि चालही तिची तिनं थोडी वाकडी करून घेतली होती. मी तीच खरी समजत होते. आई गेल्यावर मूळ गाणं त्या दिवशी, त्यांच्या व्हरांड्यात, पहिल्यांदा पुरतं ऐकलं.

"मग हे तसं आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "पण मला हेच आवडतं."

आम्ही दिवेलागणीपर्यंत भांडलो. लेक लाडू खाऊन खुर्चीतच झोपून गेली. खोलीचं काही होत नाही हे मी मनाशी धरलं होतं, त्यामुळं मीही मागं हटले नाही. शेवटी ते उठले आणि खुंटीवरची किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली. म्हणाले, "तुमचं चूक आहे. पण मत आहे. ज्याला मतच न्हाई त्याच्यासंगं एका घरात राहायचं कसं?"

नवऱ्याबद्दल त्यांनी विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि पुढंही कधी नाही.

गल्लीनं अर्थातच विचारलं. समोरच्या एक काकू एकदा फाटकाशी उभ्या राहून त्यांना हळूच माझ्याविषयी काही सांगत होत्या. मी जिन्यात होते, खाली उतरावं की वर जावं कळेना. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही त्यांचं पुरतं ऐकलंय का?" काकू म्हणाल्या, नाही, पण लोक म्हणतात. त्यावर ते म्हणाले, "मग मत कशाला देता? पुरतं ऐकल्याशिवाय बोलायचं नाही. आमच्या वरच्या बाईंना सहावं गाणं आवडतं. एवढा एक दोष आहे, तो मला माहीत आहे." काकूंना काहीच समजलं नाही. मी जिन्यातच बसले आणि पदर तोंडात धरून हसले, आणि हसता हसता रडलेही. त्या वर्षात माझ्या बाजूनं इतकं कुणी बोललं नव्हतं. माझ्या माहेरचंसुद्धा नाही.

पुरतं ऐकल्याशिवाय बोलायचं नाही, हा त्यांचा नियम होता. सहावं त्यांना इतकं नावडतं, पण दर रविवारी ते शेवटपर्यंत ऐकायचे आणि मगच नावं ठेवायचे. मी एकदा म्हटलं, वगळा की. तर म्हणाले, न ऐकता शिव्या देणं म्हणजे चहाडी.

टेपरेकॉर्डर बिघडला तेव्हा लेक चौथीत होती. मी तीच गाणी मोबाईलवर घेतली, एक छोटा स्पीकर आणला आणि रविवारी व्हरांड्यात मांडला. काका नाराजीनंच बसले. मोबाईलला बाजू नसतात, तरी तिसऱ्यानंतर त्यांनी मला थांबवायला लावलं आणि पाणी पिऊन आले. चौथं लागलं. मी कुकर बंद करून आले होते. गाणं अर्ध्यावर गेलं आणि त्यांनी डोळे उघडले.

"बासरी काढली यांनी," ते म्हणाले.

बासरी वाजत होती. नेहमीसारखी लांबून, पण अगदी स्वच्छ. मला वाटलं, त्यांना नेहमीचा टेपचा घरघराट नाही म्हणून चुकल्यासारखं होत असेल. लेक म्हणाली, "आजोबा, आहे ना बासरी." ते तिला म्हणाले की तुम्हा पोरांना कळायचं नाही, मोबाईलमध्ये जागा पुरावी म्हणून हे लोक बारीक बारीक वाद्यं कापून टाकतात. त्यानंतरचे कितीतरी रविवार त्यांनी या मोबाईलवाल्यांचा उद्धार केला. बासरी खाल्ली, म्हणायचे. भाजीवाल्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. पुण्याच्या मुलालाही फोन करून सांगितलं की तक्रार कुठं करायची ते बघ.

मला कळायला हवं ते हळूहळू कळत होतं. दूधवाला हल्ली घंटी वाजवून वाजवून शेवटी मला हाक मारायचा. मी जिन्यावरून काही बोलले की काका 'हो हो' म्हणायचे, आणि ते हो म्हणण्यासारखं नसायचं. पण हे त्यांना सांगायचं कसं? पाय गेले असते तर सांगता आलं असतं. त्यांचे कान म्हणजे काय होते, हे मी सोडून कुणाला ठाऊक होतं?

शेवटी त्यांनी ठरवलं की टेपरेकॉर्डरच दुरुस्त करायचा. भिंगारच्या बाजारात एक जुने रेडिओवाले चाचा होते, अजून असली कामं करणारे. आम्ही माझ्या स्कूटीवरून गेलो. काका मागं बसलेले, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला टेप. चाचांनी आतला पट्टा बदलला, धूळ फुंकली आणि काकांची कॅसेट घातली. काकांनी त्यांना पहिल्यापासून लावायला सांगितलं. चाचांना घाई नव्हती. दुकानात आणखी कुणी नव्हतं. आम्ही तिघांनी एक बाजू पुरती ऐकली, मग काका शेजारच्या हॉटेलात जाऊन पाणी पिऊन आले, आणि चाचांनी कॅसेट उलटी केली.

चौथं लागलं. काका स्टुलावर पुढं वाकून बसले होते. बासरी सुरू झाली. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. ते तसेच थांबून राहिले, एसटीची वाट बघत थांबतात तसे. चाचांनी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घालून पाना पुसायला लागले.

"टेप झिजली वाटतं," काका म्हणाले. मग ते माझ्याकडं वळले. "बाई, बासरी हाय?"

मला खोटं बोलता आलं असतं. टेप झिजलीच आहे म्हणाले असते तर चाचांनीही मान डोलावली असती. पण या माणसानं मला घर दिलं होतं ते मी त्यांना आवडेल असं बोलले म्हणून नव्हे.

"आहे, काका," मी म्हटलं. "आत्ता वाजतेय."

त्यांनी हात पुढं केला आणि स्पीकरच्या जाळीवर तळवा ठेवला. गाणं संपेपर्यंत ठेवला. मग पाचवं लागण्याआधी स्वतःच बटण बंद केलं.

त्यानंतर रविवार बंद झाले. दुरुस्त झालेला टेप टॉवेलाखाली पडून राहिला. मुलगा पुण्याहून आला, कानाच्या यंत्राचं बोलला, काकांनी त्याला उडवून लावलं. यंत्रातून ऐकलेलं गाणं खरं कशावरून, म्हणाले. व्हरांड्यातल्या खुर्च्या त्यांनी आत नेऊन ठेवल्या. माझा कुकर आता वाटेल तेव्हा शिट्ट्या द्यायला मोकळा होता, आणि ते मला सोसत नव्हतं. एक माणूस रोज समोर वावरतोय, जेवतोय, पेपर वाचतोय, आणि त्याचं कशावरच काही म्हणणं उरलेलं नाही, हे बघवत नाही.

म्हणून एका रविवारी मीच खुर्ची बाहेर काढली, मोबाईल लावला आणि बसले. पहिलं झालं, दुसरं झालं. तिसऱ्यानंतर मी थांबवलं आणि पाणी प्यायला त्यांच्याच स्वयंपाकघरात गेले, त्यांच्या समोरून. ते पेपर घेऊन बसले होते. मी काय करतेय हे त्यांना बरोबर कळलं. चौथं लागलं तशी ते दारात येऊन उभे राहिले.

"बंद करा ते. चौथ्याची पार वाट लावलीय या मोबाईलवाल्यांनी."

मी उठून त्यांच्या जवळ गेले आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "काका, तुम्हाला आता चौथ्याबद्दल बोलता येणार नाही. पुरतं ऐकल्याशिवाय बोलायचं नाही. नियम तुमचा आहे."

ते आत गेले आणि दार लावून घेतलं. मी लेकीला म्हटलं, बहुतेक सामान बांधावं लागणार. चार-पाच दिवस खालून काही हालचाल नाही. मग एका संध्याकाळी ते जिना चढून वर आले. मालकानं भाडेकरूच्या जिन्यावर पाय ठेवू नये असं त्यांचं मत होतं, त्यामुळं इतक्या वर्षांत ते कधी वर आले नव्हते. दम लागला होता. दाराबाहेरच उभे राहून म्हणाले, "बाई, कानाच्या डॉक्टरकडं कधी जायचं?"

यंत्र आलं तशी तक्रारींची नवी रांग लागली. पंखा इतका वाजतो? माझी चप्पल अशी फटफट करते, तुम्ही कधी बोलला कसं नाहीत? चमचा ठेवला की दचकायचे. पारव्यांवर तर ते रोज चिडायचे. मला ते ऐकून इतकं बरं वाटायचं की मी मुद्दाम भांडी जरा जोरात ठेवायचे. घरात पुन्हा मतं वाजायला लागली होती.

पण गाण्यांना त्यांनी लगेच हात लावला नाही. कान सरावू देत, म्हणाले. मग एका रविवारी खुर्च्या बाहेर आल्या. टॉवेल निघाला. मी न विचारता वर जाऊन गॅस बंद केला.

चौथ्याला ते डोळे मिटून बसले होते. बासरी आली. त्यांची हनुवटी जरा वर झाली, आणि मला कळलं. गाणं संपेपर्यंत त्यांचे डोळे वाहत होते, त्यांनी पुसले नाहीत. लेक शहाणी, तीही हलली नाही. पाचव्यात शिंक आली तिथं ते हसले. सहावं झालं. मी वाट बघत होते, आता नावं ठेवतील.

"आजवर जी मतं दिली ती सगळी रद्द," ते म्हणाले. "कान कधीपासून गेले हुते कुणाला ठावं. तवाचं धरू नका."

मी विचारलं, "मग सहावं?"

त्यांनी विचार केला. खरोखरच केला, यंत्र जरा मागंपुढं करून. "वाईटच हाय," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "तुमच्या आई कसं म्हणायच्या ते म्हणून दाखवा. ते म्या पुरतं ऐकलेलंच न्हाई."

मी गात नाही. शाळेत प्रार्थनेलासुद्धा मी नुसते ओठ हलवते. पण त्या दिवशी म्हटलं, आईच्या वाकड्या चालीत, शब्द जिथं नाहीत तिथं 'न न ना' करत. काकांनी कानामागं तळवा धरून शेवटपर्यंत ऐकलं.

"हे सहावं न्हाई, बाई," ते म्हणाले. "हे सातवं. आन हे चांगलं हाय."

काका आता नाहीत. पण त्यानंतर ते होते तोवर, दर रविवारी सहावं संपलं की ते टेप बंद करायचे आणि माझ्याकडं बघायचे, आणि मी म्हणायचे. लेक आता पुण्याला शिकते. परवा तिच्या मैत्रिणी त्या सिनेमाच्या गाण्यांवरून बोलत होत्या, सहाही गाणी कशी एकापेक्षा एक आहेत म्हणून. लेकीनं मला फोनवर सांगितलं, "मी त्यांना म्हटलं, तुम्ही पुरतं ऐकलेलं नाही. सात आहेत."